पगारवाढ झाली, पण हातात काय उरतं?
कुणीतरी लिहिलंय की ५ टक्के पगारवाढ मिळाली म्हणजे जपानी कामगारांचे दिवस पालटले, पण हे अर्धंच खरं आहे. तिथे दर वसंतात युनियन कंपन्यांशी पगाराची बोलणी करतात, शुंतो म्हणतात त्याला, त्यात २०२४ ला ५.१ टक्के वाढ मिळाली, ३३ वर्षांतली सगळ्यात मोठी, तरी महागाई वजा केली तर खरा पगार २०२२ ते २०२४ सलग ३ वर्षं घटलाच. शिवाय युनियनमध्ये आहेत ते साधारण ६ पैकी १ कामगार. एकूण कामगारांत पार्ट-टाइम, कंत्राटीवाले जवळपास ३७ टक्के, त्यात बायकाच जास्त, त्यांचं काय? मला खरी काळजी त्यांचीच वाटते, २०२५ मध्ये तांदूळ जवळजवळ दुप्पट महागला तेव्हा आधी त्यांचंच बजेट कोलमडलं असणार.