घर लिलावात निघालंय, २१ तारखेला बोली आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, हातात नऊच दिवस उरलेत म्हणून थेट मुद्द्यावर येते.

कोपरखैरण्यातला वन बीएचके. कर्ज मिस्टरांच्या नावावर, मी सहकर्जदार. त्यांची नोकरी गेली, हप्ते थकले, खातं एनपीए झालं, म्हणजे बँकेनं थकीत कर्जात टाकलं. ते नाकारत नाही. ६० दिवसांची नोटीस आली तेव्हा मी बँकेला लेखी उत्तर दिलं होतं, पोच माझ्याकडे आहे. त्यावर अवाक्षर आलं नाही. मे महिन्यात दाराला ताब्याचा कागद लावून गेले. नेमकी सासऱ्यांच्या नावाच्या पाटीवर चिकटपट्टी मारली, काढताना दोन अक्षरं सोलून आली. ताबा कागदावरच, आम्ही घरातच राहतोय.

परवा शेजारच्या काकूंनी पेपर आणून दाखवला. ३ तारखेची जाहिरात, राखीव किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, ४८ लाख. आमच्याच विंगमधला एवढाच फ्लॅट दिवाळीत ६६ ला गेला! देणं १९ लाख. घरी नोटीस आलेली नाही. वॉचमन म्हणतो, पाकीट आलं होतं, कुणाला दिलं आठवत नाही.

ठाणे कोर्टातून स्टे मिळेल का? दीर गावची जमीन विकून पैसे देतो म्हणतात. सगळे भरले तर थांबेल?

प्रतिसाद:
ताई, ठाणे कोर्टात दिवस घालवू नका. सरफेसी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम ३४ मुळे दिवाणी कोर्ट यात पडत नाही. वाशीच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) कलम १७ खाली अर्ज करा, सोबत स्थगितीचा. मुदत ४५ दिवसांची. मेमधल्या ताब्याची उलटली असेल, पण विक्रीची नोटीस ही वेगळी पायरी आहे, वकील ती धरतील. स्थगिती देताना थोडी रक्कम भरायला सांगतात, तयारी ठेवा.

तुमचा खरा मुद्दा ३ ते २१ तारखेमधल्या १८ दिवसांचा. पहिल्या लिलावाला कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस लागते. आधीचा लिलाव फसला असेल तर मात्र १५ पुरतात. तेवढं आधी बघा. तुमच्या उत्तराला बँकेचा १५ दिवसांत जबाब नाही, हेही अर्जात लिहा. मूल्यांकनाचा अहवाल मागा.

पैशांचं अवघड आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळं देणं भरून घर सोडवायचा हक्क जाहिरात छापून येईपर्यंतच. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये तेच सांगितलं. म्हणून ती नोटीसच सदोष ठरणं महत्त्वाचं. तरी बँकेला लेखी प्रस्ताव द्याच, दिरांच्या पैशांच्या पुराव्यासकट.

मी:
खूप आभार. जाहिरात भिंग लावून वाचली, पुनर्लिलाव असं कुठेच नाही. पाकीट सोसायटीच्या ऑफिसात लाईट बिलांच्या गठ्ठ्यात सापडलं. पोस्टाचा शिक्का ६ तारखेचा. अजून फोडलेलं नाही. उद्या वकिलांकडे असंच बंद नेऊ का?