मदत हवी आहे: गाडीच्या गंजलेल्या दरवाजांना एपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून जपणारा पहिला थर) आधी की पुट्टी (खड्डे भरायचा लेप) आधी?
रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला राहतो. गाडी २०१४ ची, सिल्व्हर मेटॅलिक. खाऱ्या वाऱ्याने डावीकडच्या दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडेला गंज धरलाय. पत्रा शाबूत आहे, भोक पडलेलं नाही.

दोन पेंटरांना दाखवली. एक म्हणतो, गंज घासून उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, टू-के सरफेसर (पुट्टीवरचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर), बेस कोट (रंगाचा थर) आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर). दुसरा म्हणतो, एपॉक्सी कशाला, थेट पुट्टी आणि सरफेसर पुरे. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा माल, एवढं कळलं. पण पुट्टी ओल शोषते असं वाचलंय, म्हणून दुसऱ्याचं पटत नाही. आपल्याकडची हवा तर माहीतच आहे.

बूथ (रंगकामाची बंद, धूळ न येणारी खोली) नाही, काम पत्र्याच्या शेडमध्येच होणार. पाऊस सरल्यावर, दिवाळीआधी करायचंय. पूर्ण गाडी रंगवायची नाही.

किनाऱ्यावर हे काम करणाऱ्यांनी सांगा: पुट्टी एपॉक्सीच्या वर घ्यायची, की आधी पत्र्यावर घेऊन वरून एपॉक्सी? आणि ‘फ्लॅश टाइम’ म्हणजे दोन कोटांमधला थांबा, तो दमट हवेत किती वाढवता?