उत्तर: १६ मेगाहर्ट्झला दर मायक्रोसेकंदाला टायमर इंटरप्ट

'क्लॉक १६ मेगाहर्ट्झचा आहे, मग दर मायक्रोसेकंदाला टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरं काम करायला लावणारा इशारा) यायला काय हरकत?' हा प्रश्नातला हिशोब कागदावरच ठीक आहे. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपवर एक मायक्रोसेकंद म्हणजे क्लॉकच्या फक्त १६ सायकल. इंटरप्टमध्ये शिरायला किमान ४, व्हेक्टरवरच्या (इंटरप्टच्या ठरलेल्या पत्त्यावरच्या) जंपला ३, परतताना ४, म्हणजे ११ तिथेच गेल्या. उरलेल्या ५ मध्ये एसरेग (सीपीयूचं स्टेटस रजिस्टर) जपून ठेवणंही जमत नाही.

मी फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. आयएसआरमधून (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून) एक साधं फंक्शन बोलावलं होतं, दोन ओळींचं. डिसअसेंब्ली (कंपायलरने बनवलेल्या मशीन कोडचं वाचता येणारं रूप) उघडली तर पुशची, म्हणजे रजिस्टर स्टॅकवर ठेवण्याच्या सूचनांची, रांगच! फंक्शन काय काय बिघडवेल हे कंपायलरला ठाऊक नसतं, म्हणून तो आर१८ ते आर२७, आर३०, आर३१ असे बाराही रजिस्टर जपतो. प्रत्येकी पुशला २, परत काढणाऱ्या पॉपला २, म्हणजे ४८ सायकल, ३ मायक्रोसेकंद नुसत्या हमालीत. आणि टिक हुकल्याचं कळतही नाही, कारण इंटरप्ट आल्याची खूण ठेवणारा फ्लॅग एकच बिट आहे. दोनदा उठला तरी मोजणी एकच.

नुसता चौकोनी सिग्नल हवा असेल तर इंटरप्ट सोडाच. टायमर१ सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्याला पोचला की शून्यावर परततो), प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) १, ओसीआर१ए मध्ये (तो ठरलेला आकडा ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) ७, पिन टॉगलवर (दरवेळी उलटणारी): १ मेगाहर्ट्झ मिळतो आणि सीपीयू मोकळा.