ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर आल्यावर मांडणी बसत नाही, सुरुवात कुठून करावी?

निळी_शाई

मराठी ब्लॉग ब्लॉगरवरून स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेसमध्ये आणला आहे. थीम ट्वेंटी ट्वेंटी-फोर. मजकूर, प्रतिक्रिया, चित्रं सगळं आलंय, पण पानं नीट दिसत नाहीत. परिच्छेदांमधलं अंतर वाढवलं तर काही लेखांत वाढतं, काहींत ढिम्म हलत नाही. जुनी चित्रं मधोमध एवढीशी दिसतात. मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. पहिल्या पानावर लेखांच्या चौकटीत चित्राची जागा रिकामी. उजवीकडे साइडबार हवाय, पण विजेट्सचा पर्यायच सापडत नाही. थीम बदलू का?

सुटा_परिच्छेद

थीम बदलू नका. यातल्या निम्म्या गोष्टी थीमच्या नाहीतच. त्या लेखांच्या आतल्या एचटीएमएलमध्ये आहेत आणि कुठलीही थीम लावली तरी मागोमाग येतील.

बिघडलेला एक लेख उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांतून कोड एडिटर निवडा. बहुधा सगळ्या लेखाभोवती एक बाहेरचा डिव्ह (मजकूर गुंडाळणारा एचटीएमएल टॅग) दिसेल. आत प्रत्येक परिच्छेद पी या परिच्छेदाच्या टॅगऐवजी डिव्हमध्ये, आणि मधली मोकळी ओळ म्हणजे नुसता बीआर (ओळ तोडणारा टॅग) असलेला आणखी एक डिव्ह. तुमच्यासारखी ब्लॉक थीम (जिची सगळी मांडणी ब्लॉकांनी होते) अंतर देते ते मजकुराच्या थेट पहिल्या पातळीवरच्या घटकांना. बाहेरच्या डिव्हमुळे तुमचे परिच्छेद एक पातळी खाली गेलेत, म्हणून अंतराचा आकडा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ज्या लेखांना हे वेष्टन नाही, तिथे तो लागू पडतो.

थेट 'ब्लॉकमध्ये रूपांतर' करू नका. वेष्टन तसंच असेल तर अख्खा लेख एका कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये जाऊन बसण्याची शक्यता असते. आधी डेटाबेसचा बॅकअप. मग सर्च रेजेक्स या शोधून बदल करणाऱ्या प्लगइनने, प्रिव्ह्यू बघत, या क्रमाने बदल करा: प्रथम चित्रांभोवतीचे 'सेपरेटर' क्लासचे डिव्ह, मग बीआरवाले रिकामे डिव्ह, मग परिच्छेदांचे डिव्ह काढून तिथे पी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचं वेष्टन. क्रम उलटा केलात तर गडबड ठरलेली, कारण बंद होणारे डिव्ह सगळे सारखेच दिसतात. कुठला चित्राचा नि कुठला परिच्छेदाचा हे नंतर ओळखता येत नाही. बीआर दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो, तिरप्या रेघेसह आणि तिच्याशिवाय. दोन्ही शोधा.

चित्रांचं: पत्त्यात 'एस३२०' असा तुकडा असेल तर ती ३२० पिक्सेलची छोटी प्रत आहे. चित्र अजून जुन्या सर्व्हरवरून येत असेल तर तिथे 'एस१६००' केल्यावर मोठी प्रत मिळते. विड्थ आणि हाइटचे आकडेही टॅगमधून काढा. ते राहिले तर मोठी प्रतसुद्धा लहानच दिसेल. पत्ते जुन्याच सर्व्हरचे असतील तर चित्रं मीडिया लायब्ररीत आणेपर्यंत जुना ब्लॉग पुसू नका.

पहिल्या पानावरच्या रिकाम्या चौकटीही यातूनच आल्यात. ब्लॉगर लेखातलं पहिलं चित्र आपोआप उचलतो, वर्डप्रेसच्या या चौकटीला फीचर्ड इमेज (लेखाचं ठरवून दिलेलं मुख्य चित्र) लागते आणि ती मीडिया लायब्ररीतलीच असावी लागते. चित्रं आत आली की पहिलं चित्र फीचर्ड करणारं एखादं प्लगइन एकदा चालवा आणि काढून टाका.

वेलांटी

मथळ्यांचं उत्तर फॉन्टमध्ये आहे. या थीमचे कार्डो आणि इंटर हे दोन्ही फॉन्ट देवनागरी नसलेले. त्यामुळे वाचकाच्या यंत्रात जो देवनागरी फॉन्ट असेल तो लागतो आणि प्रत्येकाला पान वेगळं दिसतं. शिवाय मथळ्यांची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ च्या आसपास आहे. रोमन अक्षरांना ती चालते, पण वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असलेल्या लिपीला पुरत नाही.

एडिटरमध्ये स्टाइल्स, मग टायपोग्राफी. फॉन्ट लायब्ररी वर्डप्रेस ६.५ पासून आहे. तिथून गूगल फॉन्ट्समधला मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी घ्या, फाइल तुमच्याच सर्व्हरवर उतरते. ४०० आणि ७०० ही दोन वजनं पुरेत. तिरो देवनागरी मराठी वाचायला फार सुंदर, पण त्यात ठळक वजन नाही. ब्राउझर कृत्रिमरीत्या जाड करतो आणि अक्षरं बुजतात, म्हणून तो मजकुरालाच वापरा. मथळ्यांना लाइन-हाइट १.४, मजकुराला १.७ ते १.८. लेटर-स्पेसिंग सगळीकडे शून्य, नाहीतर शिरोरेघ तुटते.

सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. पानाला भाषेची खूण लागली की, सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात.

निळी_शाई

वेष्टनाचं तंतोतंत तसंच निघालं, आभार. साइडबार राहिला. कॉलम टाकून पाहिले, पण मजकूर कॉलमच्या मधोमध अरुंद पट्टीत बसतो.

सुटा_परिच्छेद

ब्लॉक थीममध्ये विजेट्स नसतात, साइडबार टेम्प्लेटमध्येच (पानाच्या साच्यात) घालायचा. एडिटरमधून 'सिंगल पोस्ट' टेम्प्लेट उघडा, कॉलम्स ब्लॉक ७० आणि ३० टक्के, रुंदी 'वाइड'. अरुंद पट्टी दिसते कारण कंटेंट ब्लॉक थीमची ६२० पिक्सेलची मर्यादा कॉलमच्या आतही पाळतो. तो ब्लॉक निवडून लेआउटमधलं 'आतले ब्लॉक कंटेंट विड्थ वापरतील' हे बटण बंद करा.

उजव्या कॉलमचं टेम्प्लेट पार्ट (साच्याचा पुन्हा वापरता येणारा तुकडा) करून ठेवा, म्हणजे संग्रहाच्या पानावरही तोच वापरता येतो आणि बदल एकाच जागी होतो. ७८२ पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यावर कॉलम एकाखाली एक येतात, म्हणजे मोबाइलवर साइडबार लेखाच्या खाली जाईल. ते तसंच राहू द्या. 'स्टॅक ऑन मोबाइल' बंद केलंत तर मजकुराला दोन-तीन शब्दांची ओळ उरेल.

वेलांटी

एक भर. टेम्प्लेटमधले हे बदल डेटाबेसमध्ये थीमच्या नावाशी बांधलेले असतात. थीम अपडेट केली तर टिकतात, थीम बदलली तर लागू होत नाहीत. काम झालं की एडिटरच्या टूल्समधून एक्सपोर्ट करून झिप फाइल जपून ठेवा. कॅशिंग प्लगइन (पानाची साठवलेली प्रत दाखवणारं) असेल तर मांडणी जुळेपर्यंत ते बंदच असू दे.