अग्निशामकांच्या स्मारकावर 'शहीद' की 'हुतात्मा'?

आग विझवताना प्राण गेलेल्या जवानासाठी कोणता शब्द योग्य, हे ठरवताना १४ एप्रिल १९४४ चा मुंबईतील स्फोट डोळ्यांसमोर ठेवावा, असे मला वाटते. व्हिक्टोरिया गोदीतल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग लागल्यावर बंब धावले, खाली स्फोटके आहेत हे कळूनही पाण्याचा मारा चालूच राहिला आणि चारच्या सुमारास झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि अग्निशमन सेवा दिन देशभर याच तारखेला पाळतात.

'हुतात्मा' हा बहुव्रीही समास आहे : ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. या शब्दाला शत्रू लागत नाही, रणांगणही लागत नाही. म्हणूनच गिरणी कामगार बाबू गेनू आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील १०६ जण आपल्या तोंडी सहज हुतात्मे झाले. 'शहीद' हा अरबी शब्द बातम्यांत चांगलाच रुळला असून तो चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र 'धारातीर्थी पडणे' हा प्रयोग अग्निशामकासाठी करू नये, कारण त्यातली धार शस्त्राची आहे.

कोणी म्हणेल की वीराचा मान सैनिकापुरताच ठेवावा. आपल्या गावोगावच्या वीरगळांकडे पाहिले तर ते पटत नाही. देवळाच्या आवारात शेंदूर फासून उभ्या असलेल्या या दगडांवर खालच्या चौकटीत झुंज, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. पण कित्येकदा खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसतात, कारण तो माणूस राजासाठी लढताना नव्हे तर गावाचे गोधन सोडवताना पडलेला असतो. गावासाठी जीव देणाऱ्यालाही तोच दगड आणि तोच चंद्रसूर्य मिळत असे.

तेव्हा फलकावर 'मृत्युमुखी पडलेले कर्मचारी' असे कोरडे न लिहिता 'कर्तव्य बजावताना हुतात्मा झालेले जवान' असे लिहावे. अनेकवचन 'हुतात्मे' आणि सामान्यरूप 'हुतात्म्यांचे' होते. फलकांवर आढळणारे 'हुतात्मांचे' अशुद्ध आहे.