मदत हवी आहे: पायथनचा कन्सोल गेम वेब पेजवर आणायचाय

आकडा ओळखायचा छोटा गेम लिहिलाय, १ ते १०० मधला आकडा तो मनात धरतो, आपण टाइप केलं की 'मोठा' नाहीतर 'लहान' सांगतो, ७ चान्स. टर्मिनलमध्ये मस्त चालतो. आता भाचीला मोबाइलवर हवाय म्हणून फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची लायब्ररी) टाकायला बसलो. रूटच्या फंक्शनमध्ये (पेज उघडलं की चालतं ते) व्हाइल लूप आहे तसा चिकटवला तर ब्राउझर नुसता गोल फिरत बसतो आणि इनपुट() तिकडे टर्मिनलमध्येच उत्तराची वाट बघत उभा! मग लूप काढून फॉर्म केला, पोस्टने उत्तर घेतलं, आकडा आणि उरलेले चान्स ग्लोबल व्हेरिएबलमध्ये (म्हणजे सगळ्यांना मिळून एकच) ठेवले. एकट्याला चाललं, पण दोन मोबाइलवर उघडलं की मी चान्स वापरला की तिचाही कमी होतो.

सेशन (प्रत्येक ब्राउझरची माहिती वेगळी लक्षात ठेवायची सोय) वापरून बघितलं, पण फ्लास्कचं साधं सेशन ब्राउझरमधल्या कुकीतच जातं आणि ती कुकी फक्त साइन केलेली असते (कुणी बदलली तर कळतं एवढंच), एन्क्रिप्ट नाही, म्हणजे आकडा कुणीही उघडून वाचू शकतं ना (भाची आठवीत आहे, काढेलच शोधून). जावास्क्रिप्ट येत नाही, डेटाबेस शक्यतो नको, लॉगिन तर नकोच.

मग प्रत्येक खेळाडूचा आकडा सर्व्हरवरच वेगवेगळा ठेवायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? सेशनमध्ये नुसता आयडी आणि सर्व्हरवर पायथनची डिक्शनरी (आयडीसमोर त्याचा आकडा), एवढ्यावर भागेल का?