अनुभव धागा : कोल्हापूरच्या पेठेत तुम्ही काय शिकलात?

पुण्यात लक्ष्मी रोड तसा आपल्याकडं महाद्वार रोड, गुजरी (सोन्या-चांदीची पेठ), लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरी. शाहूपुरी तर शाहू महाराजांनी 1895 ला व्यापारासाठीच वसवलेली. पेठेत काम केलेल्या, नुसतं फिरलेल्या सगळ्यांनी लिहा, सुरुवात मी करतो.

बारावीच्या सुट्टीत मामांच्या ओळखीनं एका गुळाच्या अडत दुकानात पट्ट्या लिहायला लागलो. पट्टी म्हणजे गुळाच्या रकमेतनं हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती पडणार त्याचा कागद. चौथ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी पट्टी घेऊन परत आले, वाचता येत नव्हतं पण बोटांच्या पेरांवर मोजत म्हणाले, पोरा एक रवा कमी धरलास की. रवा म्हणजे गुळाची तीस किलोची ढेप, त्या माणसाच्या घरचा किराणा झाला. दिवाणजींनी काट्यावरची वही काढली तर खरंच माझी चूक. मालकांनी फरक तिथल्या तिथं दिला आणि मला एवढंच सांगितलं, आकडा अक्षरात पण लिहीत जा आणि वाचून दाखव. आज बँकेत आहे, समोरच्याला आकडा वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाही.

*

आज्जीच्या कोल्हापुरी साजाचं, म्हणजे गळ्यातल्या सोन्याच्या दागिन्याचं, एक पान सुटलेलं म्हणून मी गुजरीत गेलेली. कारागीर काकांनी साज कापडावर पसरून एकवीसच्या एकवीस पानं माझ्याकडनं मोजून घेतली, मासा, कासव करत नावं पण सांगितली. मणी आतनं पोकळ, त्यात लाख भरलेली असते त्यामुळं जपून आच द्यावी लागते म्हणे. तासभर शेजारी बसवून घेतलं, माल नजरेआड केला नाही. माझ्या लग्नात तोच साज घातला.

*

रविवारी लक्ष्मीपुरीत गाडी घेऊन जाऊ नका, आठवडी बाजार असतो. बिंदू चौकाकडनं चालत या, लई बरं पडतं.

*

आमचं शाहूपुरीत जयंती नाल्याच्या अंगाला पॅकिंगच्या खोक्यांचं गोडाऊन. पंचगंगा नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं पेठेत शिरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 43 आहे बघा. पुठ्ठा भिजला की लगदाच, काय विकणार. पाणी उतरल्यावर समोरच्या दुकानातले हमाल, ज्यांचा स्वतःचा रोजगार बंद होता, ते न बोलवता आले आणि दोन दिवस आमच्यासोबत चिखल ओढला. वडील तेव्हा रडले, मी पहिल्यांदा बघितलं. 2021 ला परत तेच. आता 39 फुटांचा इशारा आला की रात्र असो का दिवस, खालचे दोन रॅक आधी रिकामे करतो आणि पहिला फोन त्याच हमालांना जातो, कारण त्यांच्या खोल्या आमच्यापेक्षा सखल भागात आहेत. त्यांचं सामान आमच्या माळ्यावर येतं, मग आमचा माल हलतो.